गोफणीचा गुंडा आणि वळणावरची ट्रॉली

ज्वारी हुरड्यावर आली की पाखरांची धाड पडते. राखणदार माळ्यावर चढतो. गोफणीत गुंडा घालतो, डोक्याभोवती गरगर फिरवतो आणि एक दोरी सोडतो. गुंडा सूं करत जातो.

हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण राखणदार दोरी नेमकी कधी सोडतो, हे नीट पाहिले आहे का? गुंडा पाखरांच्या समोर आला म्हणजे सोडतो का? नाही. तेव्हा सोडली तर गुंडा भलतीकडेच जाईल. शेजारी कोणी उभा असेल तर त्याच्या पाठीतही बसेल! राखणदार दोरी आधीच सोडतो. सुमारे पाव फेरा आधी. पोथी वाचून तो हे शिकलेला नाही. त्याच्या हाताला ते ठाऊक झाले आहे.

त्या पाव फेऱ्यात मोठे शास्त्र आहे.

पुष्कळांना वाटते, फिरत्या वस्तूला बाहेर ढकलणारे काही बळ असते. तसे असते तर दोरी सुटताच गुंडा दोरीच्याच रेषेत बाहेर गेला असता. मग तो पाखरांसमोर आल्यावर सोडून चालले असते. पण सुटताना गुंडा जिकडे धावत असतो, तिकडेच तो सरळ जातो.

खरे वाटत नसेल तर करून पाहा. बांबूची कामटी अर्धगोल वाकवून सपाट जमिनीवर आडवी धरा. तिच्या आतल्या बाजूने एक गोटी जोरात सोडा. कामटी असेतोवर गोटी वळत जाईल. कामटी संपली की वळणे संपले. गोटी सरळ रेषेत पुढे जाईल.

चालती वस्तू सरळ जाऊ पाहते. आपण होऊन ती वळत नाही. इंग्लंडात न्यूटन नावाचा मोठा शास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने १६८७ साली छापलेल्या ग्रंथात हा नियम मांडला आहे. वळायचे तर कोणीतरी आत ओढावे लागते. गुंड्याला दोरी आत ओढते. गोटीला कामटी आत रेटते. चंद्राला पृथ्वी ओढून धरते, म्हणून तो तिच्याभोवती फिरतो. पुस्तकात या ओढीला अभिकेंद्री बल म्हणतात. नाव जड आहे. आपण नुसते 'आतली ओढ' म्हणू.

आता कोणी विचारील, “मग गोफण फिरवताना हाताला ताण लागतो, तो कसला?” आपण गुंड्याला आत ओढतो, त्याचाच तो उलटा ताण.

एसटीत बसल्यावरही हेच होते. गाडी उजवीकडे वळली की आपण डावीकडे कलतो. शेजारचा अंगावर येतो, आपण त्याच्याकडे रागाने बघतो. त्याने काही केलेले नसते बरं का! गाडी वळली, पण त्याचे अंग सरळच चालले होते.

मग खुद्द गाडीला आत कोण ओढते? तिला तर दोरी नाही. तिला रस्ता ओढतो. टायर रस्त्याला पकडून असतो, ती पकड हीच गाडीची दोरी. रस्त्यावर वाळू, चिखल किंवा सांडलेले तेल असले की ही दोरी कच्ची होते.

आता थोडा हिशेब करू. समजा, एका वळणाचा पुरा गोल काढला तर मध्यापासून कडेपर्यंत २५ मीटर भरतात. गाडीत ६० किलो वजनाचा माणूस आहे. गाडी ताशी १८ किलोमीटर वेगाने वळली, तर त्याला वळवायला सुमारे ६ किलो ओझे उचलण्याइतकी ओढ लागते. वेग ३६ केला तर १२ किलोची लागेल, असे आपल्याला वाटते. पण लागते सुमारे २४ किलोची. वेग दुप्पट, तर ओढ चौपट. वेग तिप्पट, तर ओढ नऊपट! इथेच माणूस फसतो. काटा थोडा पुढे सरकलेला दिसतो, आणि लागणारी ओढ कितीतरी वाढलेली असते.

ट्रॉलीचे तर आणखी अवघड. रस्त्याची ओढ लागते चाकांना, म्हणजे अगदी तळाला. ऊस किंवा कडबा असतो उंच रचलेला. तळ वळतो आणि वरचा भार सरळ जाऊ पाहतो. आतल्या बाजूची चाके उचलतात आणि ट्रॉली बाहेरच्या अंगाला कलंडते. त्या मालावर माणसे बसली असली तर भार आणखी उंचावर जातो. ट्रॉली कलंडली की ती माणसे गोफणीच्या गुंड्यासारखी सरळ पुढे जातात. लग्नाचे वऱ्हाड असो की ऊसतोडीची टोळी असो, ट्रॉली मालासाठी केलेली आहे, माणसांसाठी नव्हे.

मोठ्या रस्त्यांवर वळणाची बाहेरची कड उंच ठेवतात. रेल्वेचा बाहेरचा रूळही वळणावर उंच असतो. त्या उताराने आतली ओढ काही प्रमाणात मिळते. आपल्या पाणंदीला आणि कालव्याच्या रस्त्याला अशी सोय बहुधा नसते. तिथे सगळा भरवसा टायरच्या पकडीवर.

म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. पकड एकच असते. वळायला तीच लागते आणि थांबायलाही तीच लागते. वळणात शिरल्यावर ब्रेक करकचून दाबला तर पकडीतला मोठा वाटा ब्रेक घेतो, वळायला थोडी उरते. शिवाय पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टर थांबू लागतो, ट्रॉली थांबत नाही. ती मागून रेटते आणि ट्रॅक्टरला रस्त्यावर आडवा फिरवते.