सर्पगंधेची कसोटी

रक्ताचा दाब वाढला म्हणजे रक्त पुढें लोटतांना हृदयास अधिक श्रम पडतात. आणि असें वर्षानुवर्षें चाललें म्हणजे शेवटीं तें थकतें. सर्पगंधेचें मूळ आपले वैद्य फार पूर्वींपासून देत आले. परंतु त्यानें दाब खरोखर किती उतरतो, हें केवळ ख्यातीवरून कसें ठरावें? अंथरुणावर नुसतें स्वस्थ पडून राहिल्यानेंही तो उतरूं शकतो!

परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं ५० रोग्यांना हें मूळ देऊन दाबाचे आंकडे टिपून ठेवले. बहुतेकांचा दाब चार आठवड्यांत उतरला. हा वृत्तान्त १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध झाला, आणि सर्पगंधेकडे पाश्चात्य वैद्यांचें लक्ष वेधलें. १९५७ सालीं डॉ. वकिलांस अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें. पुढें मात्र या मुळांतून काढलेल्या रिसर्पिनमुळें कांहीं रोग्यांचें मन खिन्न होतें असें आढळलें, आणि नवीं औषधें निघतांच त्याचा वापर मागें पडला.

हल्लीं थकलेल्या हृदयास कीटोन देऊन पाहत आहेत. यकृत चरबीपासून बनवितें तेंच हें इंधन. २०१९ सालीं डेन्मार्कमध्यें १६ रोग्यांच्या शिरेंत तें सोडलें असतां हृदय मिनिटास सुमारें दोन लिटर रक्त अधिक लोटूं लागलें. पण हा प्रयोग कांहीं तासांचा. तें रोज घेऊन आयुष्य वाढतें कीं नाहीं, हें अद्याप ठरावयाचें आहे.