ढालीवरचा फँटम

आज हॉस्टेलच्या कुठल्याही खोलीत जा, भिंतीवर स्पायडरमॅन नाहीतर आयर्नमॅन हमखास भेटतो. आपल्या आई-बाबांच्या लहानपणी ही जागा फँटमची होती. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी! मध्यंतरी मी या फँटमचा एक फोटो पाहिला आणि खूप हसले. तो चक्क एका लाकडी ढालीवर रंगवलेला होता. ढाल पापुआ न्यू गिनीमधल्या आदिवासींची. मला वाटलं, झालं! कॉमिक्सनी बिचाऱ्या आदिवासींची कलासुद्धा सोडली नाही. पण जसजशी वाचत गेले, तसं लक्षात आलं की चूक माझीच होती. ती कशी, हेच या लेखात सांगायचं आहे.

फँटम कोण?

अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३६ मध्ये वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीसाठी फँटम निर्माण केला. कथा अशी : १५३६ मध्ये समुद्री चाचे एका जहाजावर हल्ला करतात. त्यातून एकटा वाचलेला तरुण किनाऱ्याला लागतो. जंगलातले लोक त्याला जगवतात. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो अन्यायाशी लढायची शपथ घेतो. त्याच्यामागे त्याचा मुलगा तोच मुखवटा चढवतो, मग नातू... असे एकवीस फँटम होतात. पण लोकांना वाटतं, चारशे वर्षं हा एकच माणूस आहे. म्हणून त्याला नाव पडलं : चालतं भूत, न मरणारा माणूस. गंमत म्हणजे त्याच्याकडे कुठलीही दैवी शक्ती नाही. त्याचं सगळं बळ लोकांच्या या समजुतीत आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

वागी खोरं

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मध्यभागात वागी नदीचं खोरं आहे. या डोंगरांत माणसं राहत नसावीत असा बाहेरच्यांचा समज होता. १९३३ मध्ये ऑस्ट्रेलियन लोक इथे पोचले, तेव्हा दिसली आखीव शेतं आणि दाट वस्ती. इथल्या कुळांमध्ये लढाया होत. लढणाऱ्यांच्या हातात उंच लाकडी ढाली असत, त्यांवर भौमितिक नक्षी रंगवलेली. ऑस्ट्रेलियन सरकारने लढाया बंद पाडल्या आणि ढाली करणंही जवळजवळ थांबलं. १९७५ मध्ये देश स्वतंत्र झाला. पुढे १९८० च्या दशकात या भागात कुळांच्या लढाया पुन्हा पेटल्या आणि त्यांच्याबरोबर ढालीही परत आल्या.

पण मधल्या काळात जग बदललं होतं. खोऱ्यात कॉफीचे मळे, हायवे, दुकानं, पाट्या, बिअरच्या बाटल्या आल्या होत्या. कॉमिक्सही आली होती. ऑस्ट्रेलियात फँटमची स्वतंत्र पुस्तकं १९४८ पासून निघत आहेत. शिवाय १९७० मध्ये सुरू झालेल्या 'वॉन्टोक' या साप्ताहिकात फँटम टोक पिसिन भाषेत बोलू लागला. आठशेच्या वर भाषा असलेल्या या देशात टोक पिसिन ही सगळ्यांना जोडणारी भाषा. म्हणजे फँटम तिथे नुसता आला नाही, तर घरच्या भाषेत आला.

मग नव्या ढालींवर काय रंगवलं गेलं? काहींवर बिअरचं लेबल होतं. कारण ती लढाईच मुळी बिअरपायी जुंपली होती! काहींवर 'सिक्स टू सिक्स' अशी अक्षरं, म्हणजे सकाळी सहा ते संध्याकाळी सहा लढायची आमची तयारी आहे. आणि काहींवर फँटम. अशा ढाली रंगवणाऱ्यांपैकी एकाचं नाव आपल्याला माहीत आहे : काइपेल का. पाट्या रंगवणं हे त्याचं काम.

हसण्यासारखं काय आहे?

आता आपण इंजिनियर लोक आहोत, तर तसाच प्रश्न विचारू. ढालीचं काम काय? पहिलं, बाण आणि भाला अडवणं. ते लाकूड करतं. दुसरं, समोरच्याच्या मनात धडकी भरवणं आणि आपल्या माणसाला धीर देणं. ते चित्र करतं. मग 'न मरणारा माणूस' यापेक्षा या कामाला योग्य चित्र कुठलं? शत्रूला सांगायचं की एक पडला तरी त्याच्या जागी तसाच दुसरा उभा राहील. फँटमची अख्खी कथा हेच सांगते!

मायकल ओ'हॅनलन या मानववंशशास्त्रज्ञाने वागी लोकांत राहून या ढालींचा अभ्यास केला आणि १९९३ मध्ये लंडनला त्यांचं प्रदर्शन मांडलं. त्याचं एक निरीक्षण मला महत्त्वाचं वाटलं. जुन्या नक्षीचा अर्थ शब्दांत सांगता येत नसे, नव्या ढाली मात्र सरळ काहीतरी 'सांगतात'. म्हणजे पाटी आणि जाहिरात या गोष्टी बघून ढालीने बोलायला शिकून घेतलं.

आणि अजून एक. मूळ कॉमिक्समध्ये गोरा माणूस जंगलाचा रक्षक असतो, आदिवासी त्याच्याकडे न्याय मागायला येतात. आज वाचताना हे खटकतं. वागी चित्रकाराने ढालीवर ना त्याचं सिंहासन घेतलं, ना त्याचा न्याय. मरण न येण्याची गोष्ट घेतली आणि फँटमला आपल्या कुळाच्या कामाला जुंपलं. याला नक्कल कसं म्हणायचं?

आपला वेताळ

हे सगळं मी घरी सांगत होते, तेव्हा मामाने माळ्यावरून जुनी इंद्रजाल कॉमिक्स काढून दिली. मी कॉन्व्हेंटमधली, फँटम मला इंग्रजीतच माहीत. मराठीत त्याचं नाव चक्क 'वेताळ'! आपला वेताळ म्हणजे भुतांचा राजा, गावाच्या वेशीचा राखणदार. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरताना त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणजे 'चालतं भूत' आपल्याकडे आधीपासून होतंच की! परक्या फँटमला फक्त आपल्या देवाचं नाव मिळालं. तेव्हा आपण कुणी म्हटलं नाही की मराठी संस्कृती बुडाली. मग वागी लोकांनाच वेगळा नियम का?

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. आपल्यासाठी वेताळ म्हणजे सुट्टीतली करमणूक. त्या ढालीमागे खरा माणूस उभा असायचा, आणि तो मरू शकत होता. पुढे या लढायांत बंदुका आल्या. लाकडी ढाल बंदुकीपुढे टिकेना, तेव्हा काहींनी धातूच्या पत्र्याच्या जड ढाली केल्या. त्यांवरचा फँटम तसाच मुखवटा घालून उभा होता, पण गोळ्या अडवणं त्याच्या हातात नव्हतं. त्यातल्या काही ढाली आज संग्रहालयांत आहेत, आणि आपण फोटो बघून हसतो.

निदान मी तरी आता हसत नाही. कुठल्या आदिवासी चित्रात ओळखीचा परदेशी हिरो दिसला, तर 'हा इथे कुठून आला?' याच्या पुढचा प्रश्न मी विचारते : या लोकांनी त्याला काय काम दिलं आहे?