जुन्या व फेरफार केलेल्या मालमोटारीची वाजवी किंमत

शेतमालाच्या वाहतुकीकरितां घेतलेल्या मालमोटारी आतां आमच्या पुष्कळ सभासदांच्या दारीं उभ्या असतात. कांदा, ऊस, टोमॅटो यांची ने-आण करतां करतां आठ-दहा वर्षें लोटलीं व मीटरावर चार-पांच लाख किलोमीटर चढले, म्हणजे गाडी विकण्याचा प्रश्न निघतो. घेणारा बहुधा शेजारच्या गांवचा किंवा सोयराच असतो. त्यामुळें भाव चुकला तर नुसता पैसा जात नाहीं, येणेंजाणेंही तुटतें. बैलाचे दांत पाहून वय सांगणारे जाणते गांवोगांव आहेत. गाडीच्या बाबतींत मात्र रंग पाहून व दलालाचें बोलणें ऐकून व्यवहार उरकला जातो. उदाहरणासाठीं आम्ही मालाचा हौदा काढून पाण्याची टांकी बसविलेली सहाचाकी गाडी घेतों. कारण टंचाईच्या तालुक्यांत असा फेरफार फार होतो, व किंमतीचा घोटाळाही त्यांतच अधिक असतो.

प्रथम मूळ भाव ठरवावा. मूळ भाव म्हणजे त्याच कंपनीची, त्याच वर्षाची, परंतु कोणताही फेरफार न केलेली गाडी आपल्या भागांत आज कितीला तुटते तो आंकडा. तीन-चार ठिकाणीं चौकशी करावी, व मागितलेला भाव न लिहितां प्रत्यक्ष ज्या रकमेस व्यवहार झाला ती लिहावी. या दोहोंत पुष्कळ अंतर असतें. विम्याच्या कागदावरील किंमत कांहीं जण पुढें करतात. पण तेथें घसाऱ्याचा ठराविक तक्ता असतो: चार ते पांच वर्षांच्या गाडीस शेंकडा ५० वजा, आणि पांच वर्षांपुढें विमा कंपनी व मालक यांच्यांत ठरेल ती किंमत. तेव्हां आठ वर्षांच्या गाडीबाबत तो कागद भावाचा पुरावा होऊं शकत नाहीं.

किलोमीटरविषयीं लोकांत मोठी भीति आहे. महामार्गावर चाललेले चार लाख व उसाच्या फडांत, कच्च्या रस्त्यानें, जादा भार घेऊन काढलेले दोन लाख यांत आम्हांस दुसरेच अधिक भयंकर वाटतात. शिवाय मीटर बंद पाडतां येतो व मागेंही फिरवितां येतो. म्हणून सर्व्हिसच्या पावत्या व पेडलांवरील रबराची झीज यांच्याशीं तो ताडून पाहावा. टांकीचा पंप गाडीच्याच इंजिनावर चालत असेल तर उभ्या गाडीचे तास मीटरावर येत नाहींत, हें खरें; परंतु ठोकळ मानानें तासाला तीस-चाळीस किलोमीटर धरले, रोज दोन तास व उन्हाळ्याचे १२० दिवस घेतले, तरी वर्षाला सात ते साडेनऊ हजारच होतात. लोक भितात तेवढा हा आंकडा मोठा नाहीं.

येथें एक गोष्ट फार जपावी. किलोमीटर जास्त म्हणून एकदां रक्कम कापली, आणि त्याच किलोमीटरांमुळें झिजलेल्या इंजिनाबद्दल पुन्हां कापली, तर तो विकणाऱ्यावर उघड अन्याय आहे. एकाच उणेपणाची वजावट दोनदां होतां कामा नये. आमच्या मतें किलोमीटर हें तपासणीचें कारण मानावें आणि वजावट प्रत्यक्ष दिसलेल्या झिजेची करावी.

तपासणी सकाळीं, इंजिन थंड असतांना करावी. मालकानें आधींच गरम करून ठेवलेलें इंजिन पाहण्यांत अर्थ नाहीं. सुरू झाल्यावर निळा धूर येत राहिला तर ऑइल जळत आहे. ऑइल भरण्याचें झांकण उघडून वाफेचा जोर पाहावा, म्हणजे रिंगांची स्थिति कळते. ऑइल दुधासारखें दिसल्यास त्यांत पाणी शिरलें असें समजावें. "इंजिन नवें बांधलें आहे" असें कोणी म्हटलें तर केवळ रिंगा बदलल्या कीं लायनर, पिस्टन व बेअरिंगें सुद्धां बदललीं, हें पावतीवरून पाहावें. टायरवरील चार आंकड्यांच्या खुणेंत पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. नक्षी चांगली असूनही टायर म्हातारा असूं शकतो.

परंतु टांकीच्या गाडींत खरी परीक्षा चासीची. मालाचें पोतें जागचें हलत नाहीं, पाणी हलतें. ब्रेक लावतांच दहा हजार लिटर, म्हणजे दहा टन पाणी, पुढें धांवतें व तो हिसका चासीवर येतो. म्हणून टांकींत आडवे पडदे असतात. झांकण उघडून, बॅटरी लावून ते आहेत कीं नाहींत हें डोळ्यांनीं पाहावें. पडदे नसल्यास केबिनच्या मागें व पाट्यांच्या ब्रॅकेटांजवळ चिरा शोधाव्यात. टांकी चासीच्या पाळीस थेट वेल्डिंगनें जोडली असेल तर तो गुण नव्हे, दोष आहे. टांकी किती लिटरची हेंही मोजावें. कागदावर एकूण वजन १६,२०० किलो व टांकीसह रिकामी गाडी ६,२०० किलो असेल, तर पाण्यास १०,००० किलोच उरतात. टांकी १२,००० लिटरची असल्यास प्रत्येक खेपेस दोन टन जादा भार वाहिला गेला, असें समजून पाटे व मागील ॲक्सल बारकाईनें पाहावेत. टांकी मोठी म्हणून भाव वाढवून मागणारे भेटतात. येथें ती मोठी असणें हेंच भाव कमी करण्याचें कारण आहे.

आतां फेरफारांचें मोल. केलेला खर्च परत मिळावा अशी विकणाऱ्याची अपेक्षा असते, ती रास्त नाहीं. घेणाऱ्याच्या उपयोगाचें जें असेल त्याची आजची जुनी किंमत मिळावी. शोभेचे दिवे, भोंगे, केबिनमधील नक्षी यांस शून्य. आणि जें काढून टाकावें लागेल त्याचा काढण्याचा खर्च उलट वजा.

एक हिशेब मांडून दाखवितों. आंकडे रीत समजण्यापुरतेच आहेत. मूळ भाव ८,००,००० रुपये. या भावांत मालाचा हौदा गृहीत आहे, पण तो गाडीवर नाहीं. म्हणून ५०,००० वजा. ही वजावट बहुतेक सगळे विसरतात. मूळ भावांत टायर निम्मे झिजलेले धरलेले असतात. चार पूर्ण संपलेले असल्यास प्रत्येकीं २०,००० च्या निम्मे, मिळून ४०,००० वजा. क्लच व पाटे ३५,०००. इंजिनाचें काम दीड लाखाचें, पण अजून दोनेक वर्षांनीं येणारें, म्हणून त्याचा निम्मा भार ७५,०००. पासिंग व विमा ३०,०००. टांकीची नोंद कागदावर नाहीं, ती करून घेण्यास २५,०००. एकूण वजा २,५५,०००, बाकी ५,४५,०००. टांकी दोन लाखांवर खर्चून बांधली असली तरी आज तिचे ६०,००० व पंपाचे १५,००० मिळवून ६,२०,००० होतात. ज्यास पाणी वाहावयाचें नाहीं, त्याच्यापुढें मात्र टांकीचा भाव लोखंडाच्या वजनानेंच होईल.

कागदांकडे वळूं. ज्यांचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें त्यांस सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा पाहिल्यावांचून चैन पडत नाहीं. गाडीचेंही तसेंच आहे. नोंदणीपुस्तकावर बँकेचा किंवा पतपेढीचा बोजा असेल तर दाखला व नमुना ३५ मिळेपर्यंत पूर्ण रक्कम देऊं नये, इसारावर थांबावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें असा फेरफार नोंदणीपुस्तकावर चढलेला असावा लागतो. आठ वर्षांपर्यंत मालवाहू गाडीचें पासिंग दोन वर्षांनीं व त्यापुढें दरवर्षीं होतें, आणि नोंद नसलेली टांकी तेथें अडते.

विकणाऱ्यानेंही सावध असावें. रक्कम घेऊन किल्ली दिली म्हणजे सुटलों, असें अनेकांस वाटतें. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, गाडी विकली असली तरी नोंदणीपुस्तकांत ज्याचें नांव राहिलें तोच अपघाताच्या भरपाईपुरता मालक मानला जाईल. उद्यां त्या टांकीखालीं कोणी सांपडलें आणि विमा संपलेला असला, तर जमिनीवर जप्ती येण्याची पाळी जुन्या मालकावर येऊं शकते. यासाठीं नमुना २९ व ३० वर उभयतांच्या सह्या इसाराच्याच दिवशीं घ्याव्यात, राज्यांतल्या राज्यांत विक्री असल्यास चौदा दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावें, आणि घेणाऱ्यानें विमाही चौदा दिवसांत आपल्या नांवें करून मागावा. ठरलेल्या किंमतींतले पांच-दहा हजार नांव चढेपर्यंत दोघांच्या विश्वासांतील तिऱ्हाइताकडे ठेवण्याची वहिवाट कांहीं गांवीं आहे, ती आम्हांस पसंत आहे. मात्र ती रक्कम व तिची मुदत इसारपावतींत लिहिलेली असावी.