गॅस गिझर न्हाणीबाहेरच बसवा



पूर्वी तांब्याचा बंब परसात पेटायचा. धूर डोळ्यांत गेला की माणूस आपोआप बाजूला व्हायचा. आता उसाच्या बिलातून पक्की घरे झाली आणि न्हाणीत गॅस गिझर आला. सोय झाली खरी, पण दार-खिडकी बंद असलेल्या न्हाणीत हाच गिझर जिवावर उठतो.

"गॅसचा वास येत नाही, मग भीती कसली?" असे आपण म्हणतो. चूक इथेच होते. गळणाऱ्या गॅसला वास येतो, कारण तो मुद्दाम मिसळलेला असतो. पण हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. डोके दुखते, चक्कर येते, हातपाय गळतात. कडी काढायचेही त्राण उरत नाही.

म्हणून एवढे कराच :

१) गिझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवा, गरम पाणी पाइपाने आत घ्या.
२) सिलिंडर उभा ठेवा, खड्ड्यात नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो.
३) सांधे साबणाच्या फेसाने तपासा, काडी ओढून कधीही नाही.
४) वर्षातून एकदा जाणत्या फिटरकडून बर्नर साफ करून घ्या. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर गिझर बंद ठेवा.

कोणी आत पडलेच, तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.