मृगापूर्वी चार टायर

मुरबाड,
वैशाख वद्य पक्ष

चि. अनिकेत यास अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझा निरोप, त्याबरोबरची टायरांची छायाचित्रे आणि दुकानदारांनी दिलेल्या दरांचा तपशील, सर्व पोहोचले. फोनवर दोन मिनिटांत उत्तर देता आले असते. परंतु दुकानदाराची घाई, मित्रांची हौस आणि मायलेजचा मोह असे तिघे वकील ज्या प्रकरणात एकदमच बोलू लागले आहेत, त्याची सुनावणी सावकाश झालेली बरी, म्हणून हा कागदाचा खर्च. ज्याचा उमेदीचा काळ एस.टी.च्या कार्यशाळेत टायरांच्या संगतीत गेला, त्या मामाला या विषयावर चार शब्द जास्त बोलण्याची मुभा असावी.

तुझा प्रश्न असा की, ग्रँड व्हिटारा हायब्रिडचे मूळचे टायर गोटा होत आले असता, दुकानदार ‘हायब्रिडला हाच लागतो, मायलेज वाढेल’ असे म्हणून जो टायर पुढे करतो तो घ्यावा की नाही. माझा निर्णय आधीच सांगून टाकतो, कारणे मागाहून वाच : ओल्या रस्त्यावरची पकड पहिली, भार सोसण्याची ताकद दुसरी आणि मायलेज तिसरे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत ज्याला बारमाही गाडी चालवायची आहे, त्याने हा क्रम उलटा करू नये.

मायलेजचे म्हणणे खोटे आहे असे मात्र नव्हे. टायर फिरतो तेव्हा त्याचा जमिनीला टेकणारा भाग दर फेऱ्यात चेपतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. या चेपण्या-सुटण्यात रबर तापते, आणि ती उष्णता म्हणजे तुझ्या टाकीतले पेट्रोलच होय. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात, आणि तो दहा टक्क्यांनी घटला की इंधन एक ते दोन टक्के वाचते असा या धंद्यातील जाणत्यांचा ठोकताळा आहे. आता हिशेब कर. तुझी गाडी वर्षाला 15,000 किलोमीटर धावली आणि लिटरला 20 किलोमीटर पडले, तर वर्षाचे पेट्रोल 750 लिटर. दुकानदाराचा टायर खरोखर वीस टक्के सरस निघाला, असे वादापुरते धरले तरी बचत होते 15 ते 30 लिटरांची, म्हणजे वर्षाकाठी फार तर अर्ध्या महिन्याच्या पेट्रोलची. कंपनीच्या पत्रकातील 27.97 हा आकडा प्रयोगशाळेतील आहे. किन्हवली-सरळगावच्या रस्त्यावर तो शोधू नये, आणि तो मिळावा म्हणून टायर तर मुळीच बदलू नये.

या बचतीच्या बदल्यात काय द्यावे लागते, ते पाहा. रबर कमी तापावे अशा रीतीने मिश्रण केले की ते ओल्या डांबराला चिकटून राहण्यात कमी पडते, आणि चिकटून राहील असे मऊ केले की ते लवकर झिजते. या तीन गुणांची ओढाताण टायरच्या जन्मापासूनची आहे. गेल्या तीसएक वर्षांत काजळीच्या जोडीला सिलिका वापरण्याची युक्ती रुळल्यापासून ही ओढाताण पुष्कळ सैल झाली, हे खरे. परंतु सिलिकाचे चांगले मिश्रण महाग पडते, आणि स्वस्तातला ‘इंधनबचती’चा टायर ती बचत बहुधा नक्षीची खोली कमी करून किंवा पकड गमावूनच साधतो. केंद्र शासनाने 2022 साली अधिसूचना काढून रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींचे किमान निकष टायरांना लावले, ही गोष्ट चांगली झाली; पण किमान ते किमानच.

आपल्याकडचा ओला रस्ता कसा असतो, हे ठाण्यात बसून टायर विकणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. आवणीच्या दिवसांत खाचरातून बाहेर पडलेला ट्रॅक्टर आपल्या चाकांना लागलेला चिखल डांबरावर पसरत जातो. वरून पाऊस भुरभुरतो, धो धो कोसळत नाही, म्हणून तो चिखल धुऊनही जात नाही, नुसता बुळबुळीत होतो. सापगावच्या पुलाकडे उतरताना समोरून डंपर आला आणि ब्रेक दाबावा लागला, तर त्या क्षणी गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये तळहाताएवढ्या रबराचे चार तुकडे असतात, दुसरे काही नसते. तिथे तीस लिटर पेट्रोलचा हिशेब कोणी आठवत नाही.

हायब्रिड गाडीचे वेगळेपण कशात आहे, तेही नीट समजून घे, कारण तिच्या नावाने बरेच काही खपवले जाते. तुझ्या गाडीत दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन यंत्रे असून दोघांचाही जोर पुढच्याच चाकांवर येतो. मोटरचा जोर पाय ठेवताक्षणी मिळतो, आणि पाय उचलला की तीच मोटर जनित्र होऊन पुढच्या चाकांमार्फत गाडीला आवरते. म्हणजे खेचणेही पुढच्यांनी आणि बरेचसे रोखणेही पुढच्यांनीच. सबब पुढची जोडी आधी झिजते, आणि आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करणे या गाडीला इतर गाड्यांपेक्षा अधिक अगत्याचे ठरते. विजेवर चालताना गाडी जवळजवळ निःशब्द असल्यामुळे टायरचा घरघराटही कानाला जास्त जाणवतो, तेव्हा आवाजाचा विचार करायला हरकत नाही, पण तो शेवटी.

माळशेज घाटाची गोष्ट इथेच सांगतो, कारण जुन्नरकडून येताना तू तोच उतरतोस. उतारावर गाडी स्वतःला आवरत बॅटरी भरून घेते, हे पाहून तुला मोठे समाधान वाटते, असे ताई सांगत होती. परंतु ती बॅटरी एका युनिटाच्याही आत, सुमारे पाऊण युनिटाची आहे. माणसांसह दीड टन भरणारी गाडी दोनशे मीटर खाली उतरली, तर कागदावरच्या हिशेबाने तेवढ्यातच ती काठोकाठ भरावी, आणि माळशेजची उतरण त्याहून पुष्कळ अधिक आहे. बॅटरी भरली की विजेचे आवरणे संपले. मग इंजिनाचा अडसर आणि साधे ब्रेक एवढेच उरतात. धुके दाटलेले, कड्यावरून पाणी थेट रस्त्यावर पडणारे, आणि नेमके त्याच वळणावर सगळे काम टायरांकडे आलेले असते. म्हणून गिअरचा दांडा वेळेवर ‘बी’वर घ्यावा, आणि टायरांत नक्षी शिल्लक असावी.

नक्षीच्या खाचांत मधून मधून रबराचे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की 1.6 मिलिमीटर उरले, म्हणजे टायरची कायदेशीर मुदत संपली. आपल्या भागात मात्र ती मुदत पुरी होऊ देऊ नये. खाचांचे काम चाकाखालचे पाणी बाहेर फेकण्याचे. ते तीन मिलिमीटरच्या खाली मंदावू लागते, आणि आमण्यापासून नागपूरपर्यंत गेलेल्या समृद्धी महामार्गावर, जिथे ताशी 120 किलोमीटरची परवानगी आहे, पाण्याच्या पातळ थरावर गाडी तरंगू लागायला तेवढे निमित्त पुरते. खुटघरवरून तू वर चढतोस आणि मग वेगाचे भान तुला राहत नाही, हेही मला कळले आहे.

तुझ्या छायाचित्रांत पुढच्या टायरांचा मधला पट्टा घासलेला आणि दोन्ही कडांची नक्षी शाबूत दिसते. याचा अर्थ मला सांगावा लागू नये. मायलेजसाठी हवा ठरल्यापेक्षा चढवून ठेवली की टायर मध्यभागी फुगतो, टेकतो कमी, झिजतो मधोमध, आणि ब्रेक लागताना ज्या रबराने रस्ता धरायचा ते निम्मे अधांतरीच राहते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर हवेचा आकडा छापलेला असतो. सकाळी गाडी थंड असताना तेवढीच हवा भरावी. नायट्रोजनचे पैसे देऊ नयेत. साध्या हवेतही पाऊणहून अधिक नायट्रोजनच असतो.

आता खरेदीचे. तुझ्या टायरवर 215/60 आर 17 असे लिहिले आहे : रुंदी 215 मिलिमीटर, भिंतीची उंची त्या रुंदीच्या साठ टक्के म्हणजे 129 मिलिमीटर, रेडियल बांधणी, आणि रिम 17 इंची. पुढे 96 एच असे असेल, तर एक टायर 710 किलो भार आणि ताशी 210 किलोमीटरचा वेग सोसतो. हे माप क्रेटा आणि सेल्टॉस या सर्रास दिसणाऱ्या गाड्यांनाही चालते, तेव्हा ‘हायब्रिडचा टायर मिळत नाही, मागवावा लागेल, दर वेगळा पडेल’ असे कोणी म्हणाल्यास नमस्कार करून बाहेर पडावे. माप बदलू नये आणि भाराचा आकडा मूळच्यापेक्षा खाली जाऊ देऊ नये. मित्राने सुचविलेल्या 18 इंची चाकांनी भिंत बुटकी होते, आणि खड्ड्याची धार थेट रिमवर बसून टायरच्या कडेला फुगा येतो. तसा टायर दुरुस्त होत नाही, टाकावाच लागतो. डोळखांब-टोकावड्याच्या वाटांसाठी म्हणून जाड गट्टूंचे जंगली टायर घालण्याचा बेतही सोडून दे : ओल्या डांबरावर ते बहुधा कमीच धरतात, गोंगाट करतात, आणि पेट्रोल तर पितातच.

टायरच्या कडेवर एका लंबगोलात चार आकडे असतात. 0926 असेल तर तो 2026 सालच्या नवव्या आठवड्यातला. सहा महिन्यांच्या आतला माल मागावा, वर्षाहून जुना सवलतीतही घेऊ नये, आणि आयएसआयच्या शिक्क्याची खातरजमा करून पावतीवर ते चार आकडे लिहून घ्यावेत. लिहिताना दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्यावे. कोणत्या कंपनीचा घ्यावा, हे मी सांगणार नाही. एकाच कंपनीचे दोन नमुने आपसांत जेवढे भिन्न असतात, तेवढ्या पुष्कळदा दोन कंपन्याही नसतात; म्हणून नमुन्याचे नाव घेऊन ‘ओल्यात कसा?’ एवढेच, तो टायर निदान एक पावसाळा वापरलेल्या माणसाला विचारावे. रिमोल्डची चौकशी तू केलीस असे दिसते. एस.टी.त ते चालत आले, कारण तिथे प्रत्येक टायरची नोंद आणि तपासणी असते. घरच्या गाडीला नको.

पैशाची अडचण असल्यास तूर्त दोनच घे, मात्र नवी जोडी मागे बसव. इकडचा प्रत्येक फिटर नवी जोडी पुढे घालायला धावेल, आणि ते वरवर पटण्यासारखेही आहे. परंतु ओल्या वळणावर पुढची चाके सरकली तर वेग कमी करून गाडी सावरता येते, मागची सरकली तर ती गर्रकन फिरते आणि सावरायला अवसर देत नाही. बाण छापलेला असेल तर फिरण्याची दिशा आणि ‘आउटसाइड’ लिहिले असेल तर बाहेरची बाजू तिथे उभे राहून पाहावी. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घे. पुढे महिन्याभराने तळवा नक्षीवरून आडवा फिरवून पाहा, एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर. एका दिशेने हात सहज सरकला आणि दुसऱ्या दिशेने कडा टोचल्या, तर अलाइनमेंट बिघडली असे समज.

नवे टायर घातल्यावर मायलेज थोडे उतरलेले दिसेल, त्याने घाबरून जाऊ नकोस. नव्या टायरची खोल नक्षी जास्त चेपते, हे एक. आणि झिजलेल्या टायरचा घेर लहान झाल्यामुळे मीटर इतके दिवस दीडएक टक्का जास्तच अंतर दाखवीत होता, हे दुसरे.

जुने टायर अंगणात ठेवू नयेत, पावसाळ्यात त्यांत डासच वाढतात. भंगारवाल्यालाही देऊ नयेत. शेजारच्या वाडा तालुक्यात टायर तापवून तेल काढणाऱ्या भट्ट्यांच्या धुराविषयी गावकऱ्यांच्या तक्रारी आहेत, आणि आपला माल कुठे गेला हे भंगारवाला सांगत नाही. ज्याच्याकडून नवे घेशील त्याच्याच हवाली करून पावतीत नोंद करून घे.

मृग लागायला फार दिवस उरलेले नाहीत. त्याआधी कल्याणला किंवा आसनगावला, जिथे ताजा माल मिळेल तिथून, गाडीला टायर चढव, आणि तोवर समृद्धीवर जाऊ नकोस. ताईस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. कळावे.

तुझा मामा