पाच मिलीची बाटली किती दिवस पुरते?

घरात एकाचे डोळे आले की मेडिकलमध्ये जाऊन ‘डोळ्यांचा ड्रॉप द्या’ म्हणायचं, ही आपली रीत. २०२३च्या पावसाळ्यात आळंदी-पुण्याकडे साथ आली तेव्हाही हेच चाललं. साथीत डोळे बहुधा विषाणूमुळे येतात आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. आठवडा-दोन आठवड्यांत ते आपोआप निवळतात. म्हणजे पहिला खर्च बऱ्याचदा वाचवण्यासारखाच असतो.

डॉक्टरांनी ड्रॉप लिहून दिलाच, तर हिशेब करा. एका मिलीत साधारण वीस थेंब, म्हणजे पाच मिलीत शंभर. दोन्ही डोळ्यांत दिवसाला चार वेळा एकेक थेंब, सात दिवस: छप्पन्न थेंब. बाटली उरायला हवी. आपली तिसऱ्या दिवशीच संपते, कारण आपण धार सोडतो. डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही, बाकीचा गालावरून ओघळतो. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. दुसरा ड्रॉप असेल तर पाच मिनिटं थांबा. मलम सगळ्यांत शेवटी, शक्यतो झोपताना, कारण त्यानंतर काही वेळ धूसर दिसतं. बाटलीचं किंवा ट्यूबचं तोंड पापणीला लागू देऊ नका.

सिप्रोफ्लॉक्सासिनचा साधा ड्रॉप वीस-पंचवीस रुपयांच्या आसपास मिळतो; मॉक्सिफ्लॉक्सासिनचे काही ब्रँड शंभरी ओलांडतात. महाग म्हणजे जास्त गुणकारी असं नाही. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात विचारा.

खोक्यावरचे घटक मात्र वाचाच. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. लाली झटकन उतरते म्हणून लोकांना ते आवडतं, पण हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूचा संसर्ग असेल तर बुबुळावरची जखम चिघळते आणि लांबलेल्या वापराने काचबिंदूची भीती असते.

बाटली उघडल्याची तारीख पेनाने लेबलवर लिहा. महिन्याने उरलेलं औषध टाका, एक्स्पायरी पुढच्या वर्षाची असली तरी. फ्रिजमधली ती अर्धी बाटली शेजारच्या पोराला देऊ नका.

डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर अंधुक झाली असेल, कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल किंवा तान्ह्या बाळाचा डोळा चिकटत असेल, तर दुकानात वेळ न घालवता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. सरकारी रुग्णालयाच्या नेत्र विभागात खर्च फारसा येत नाही.