एक संगणक, अनेक वापरकर्ते

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात एकाच बाकावर तेलुगू, मराठी, उर्दू व गोंडी बोलणारे विद्यार्थी बसू शकतात. लिनक्सचा एकच संगणक ते वापरू लागले, तर प्रत्येकाचे खाते वेगळे. पण सर्वांची आरंभीची मांडणी कोठे लिहावी, याचा विचार मी येथे करणार आहे.

आपल्या आज्ञा स्वीकारणारा कार्यक्रम म्हणजे शेल. बहुतेक ठिकाणी तो 'बॅश' असतो. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला हा शेल १९८९ साली बाहेर आला. सर्वांसाठीच्या सूचना 'ईटीसी' या संग्रहात राहतात. तेथील 'स्केल' म्हणजे सांगाडा. नवे खाते काढताना त्यातील फाइलींची नक्कल होते, ती एकदाच. जुन्या खात्यांना तिचा काहीही उपयोग नाही. घोटाळा बहुधा येथेच होतो. 'प्रोफाइल' ही फाइल मात्र प्रत्येक लॉगिनच्या वेळी वाचली जाते. तिला हात न लावता शेजारच्या 'प्रोफाइल.डी'मध्ये '.एसएच' शेवटाची आपली फाइल ठेवावी. टोपणआज्ञा, म्हणजे एलियास, एका शेलमधून दुसऱ्यात जात नाहीत. म्हणून डेबियन व उबुंटूत त्या 'बॅश.बॅशआरसी'त लिहाव्यात. नवी खिडकी उघडली की ती फाइल वाचली जाते.

आता लिहावे काय? गोंडीची एक लिपी याच जिल्ह्यातील गुंजाला गावाच्या नावाने ओळखली जाते. २०१८ साली तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. पण मांडणी जुन्या साध्या 'सी' लोकेलची असेल, तर गोंडीच काय, मराठी नाव दिलेली फाइलही यादीत प्रश्नचिन्हे किंवा आकडे होऊन येते. म्हणून सर्वांसाठी 'सी.यूटीएफ-८' ठेवावे. तेथे 'एमआर_आयएन' लिहून मराठी सर्वांवर लादणे मला योग्य वाटत नाही. ज्याला मराठी हवी त्याने ती स्वतःच्या 'प्रोफाइल'मध्ये मागावी. घरची फाइल नंतर वाचली जात असल्याने तिचाच शब्द चालतो.

याच नियमाची दुसरी बाजू 'यूमास्क'मध्ये दिसते. ०२२ असता नव्या फाइली इतरांना वाचता येतात, ०७७ असता येत नाहीत. उत्तरे, अर्ज, खासगी पत्रे यांसाठी ०७७ बरा. तथापि तोही वापरकर्ता बदलू शकतो. तेव्हा खात्याचे घरच इतरांना बंद असावे. उबुंटूने २०२१च्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या घरांना तसेच केले आहे. जुनी घरे व्यवस्थापकाने स्वतः बंद करावीत, आणि एका जुन्या व एका नव्या खात्यात लॉगिन करून 'यूमास्क' ही आज्ञा देऊन पाहावी.